अक्षताची दुरुस्ती

कांदिवलीच्या घरात बसून मधुकर सबनीस निवृत्तीनंतर ‘कोठी’ नावाचं सॉफ्टवेअर सांभाळत. प्रोग्रॅमने मागितली तेवढी मेमरी काढून द्यायची आणि काम झालं की परत घ्यायची, एवढंच कोठीचं काम. जोडीला ‘मापाडी’ होता. कुणी किती मेमरी अडवून ठेवलीय ते तो सांगे. दोन्ही फुकट, कोड सगळ्यांना खुला. कुणीही दुरुस्ती पाठवावी आणि मधुकररावांनी तपासून ती आत घ्यावी, अशी रीत.

त्या सकाळी कुणा अनोळखी माणसाची तक्रार आली, की मापाडी भलत्यावरच आळ घेतो. परत आलेली मेमरी कोठी पुढच्या मागणीसाठी हाताशी ठेवते, आणि मापाडी ती परत करणाऱ्याच्याच नावावर दाखवत राहतो. मधुकररावांनी तक्रार पुन्हा एकदा वाचली. हीच चूक गेल्या वर्षी अक्षता राणे नावाच्या मुलीने दाखवली होती, दुरुस्तीसकट.

ती दुरुस्ती त्यांना कळली नव्हती. तसं लिहायची लाज वाटली. म्हणून त्यांनी आधी कोडमधल्या टिपा वाढवायला सांगितलं, मग नावं बदलायला, मग सगळं नव्याने मांडायला. तिने दर वेळी मुकाट्याने केलं. शेवटी तिने काही पाठवायचंच थांबवलं, आणि त्यांना चक्क हायसं वाटलं होतं.

आता ती दुरुस्ती कळत होती. स्वतःच लिहून टाकली असती तर कुणी विचारलं नसतं. त्यांनी लिहायला घेतलीही, पण खाली नाव घालायची वेळ आली तेव्हा हात अडला. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “फोन करा की तिला. खाणार आहे का ती तुम्हाला?”

अक्षता मरोळला नोकरी करत होती. इतक्या जवळ असून कधी भेट झाली नव्हती. तिने जेवणाच्या सुट्टीत ऑफिसबाहेरच्या टपरीवर बोलावलं. आरेतून जाणाऱ्या बसमध्ये मधुकरराव माफीची वाक्यं जुळवत राहिले.

तिने चहा सांगितला. आता मोबाइल अ‍ॅपच्या स्क्रीन तपासते, काम बरं आहे, तक्रार काही नाही, म्हणाली.

“ते कोठीसारखं काम सोडलंच मी. सारखं परत येतंय म्हणजे आपल्यालाच जमत नसणार, असं वाटलं.”

जुळवलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना.

“तुमचं काहीच चुकलं नव्हतं,” ते म्हणाले. “मला कळलं नव्हतं.”



“मग तसं लिहायचं ना, सर. समजावलं असतं मी. अर्ध्या तासाचं काम होतं.”

ती दुरुस्ती तुमच्या नावाने आत घेऊ का, एवढंच त्यांनी विचारलं. घ्या, म्हणाली, आणि ग्लास ठेवून आत गेली.

घरी येऊन त्यांनी तिची अगदी पहिली दुरुस्ती बाहेर काढली, त्यांच्या सूचनांनी बिघडण्याआधीची. तिचं नाव घातलं आणि तपासायला तिच्याकडेच पाठवली. बरेच दिवस काही आलं नाही. मग एक ओळ आली: ‘टिपा वाढवाव्यात.’

त्यांचंच वाक्य. थट्टा की थप्पड, त्यांना कळेना. त्यांनी टीप लिहिली: ‘ही चूक अक्षता राणे यांनी वर्षापूर्वी दाखवली होती. तेव्हा मला ती नीट समजली नव्हती. म. सबनीस.’

या वेळी उत्तर लगेच आलं.

‘“नीट” काढा, सर. मग घ्या आत.’

मधुकररावांनी तो शब्द खोडला.