दोन तासांची रिंग

पुंडलिकच्या गॅरेजसमोर त्या दिवशी सकाळपासूनच ड्रमांची रांग लागली होती. निळे ड्रम, तेलाचे डबे, एका घरचं तर पिठाचं पिंपही. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. मुकुंदवाडीपलीकडची ही गुंठेवारीतली गल्ली पाण्याच्या कुठल्याच सरकारी यादीत नव्हती. मतं मागणाऱ्यांना मात्र ती बिनचूक सापडायची. गल्लीला पाणी मिळायचं ते पुंडलिकच्या हातगुणामुळं. विश्वजित साहेबांचे चाळीस टँकर दौलताबादकडच्या विहिरी उपसून बायपासच्या नव्या इमारतींना पाणी घालत, आणि साहेबांच्या जुन्या जर्मन गाडीला पुंडलिकखेरीज कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. त्या बदल्यात दर आठव्या दिवशी एक टँकर या गल्लीत यायचा. दुसरा जायचा नाल्यापलीकडे, पुंडलिकच्या साडूच्या, संघपालच्या गल्लीत. संघपालचं स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि साहेबांच्या गाड्यांना माल तोच पुरवायचा.

गाडीचं दुखणं तसं साधं होतं. इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ तेलाच्या दाबावर मागंपुढं करणारा एक भाग असतो. त्याच्या पिस्टनवरची सीलं झिजून चपटी झाली होती, दाब गळत होता, आणि गाडी चढाला दम टाकत होती. संघपालनं दिल्लीला चार फोन करून, बारा दिवस कुरियरवाल्याच्या मागं लागून अस्सल सीलं मागवली. आत रबर, वर टेफ्लॉनची टणक पांढरी रिंग. ती गरम पाण्यात टाकून, ताणून खाचेत बसवायची. ताणलेली रिंग फुगते. मग तिच्यावर पट्टी आवळून दोन तास तसंच ठेवायचं, म्हणजे ती आपल्या मापाला परत येते. त्याआधी सिलिंडरात कोंबली तर कड कापली जाते. पुंडलिक हे येईल त्याला ऐकवायचा.

"रिंग काय बायको हाय व्हय, हाक मारली की यायला?"

"बायकू तरी कुठं येती?" चंपाबाई आतून म्हणायची.

त्या दिवशी रिंगा खाचेत बसल्या तेव्हा नऊ वाजले होते. त्या गरम करायला चंपाबाईनं प्यायच्या माठातलं वाटीभर पाणी दिलं होतं, तेही तिनं भांडी विसळायला परत नेलं. साडेनऊला टँकर आला आणि गल्लीच्या तोंडाशी थांबला. मागं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अति घाई संकटात नेई'. चालक बन्सी खाली उतरला, पण पाइप काही सोडेना.

"साहेबाचा फोन हाय. एक वाजता मुंबईला निघायचंय. गाडी चालू झाली की पाइप सोड म्हणले. नाय झाली तर टँकर बायपासला न्यायचा."

"रिंगा अजून फुगलेल्या हायेत, बन्सी. अकरापर्यंत मुरतील, मग जोडायला तीन तास. दोन वाजतीलच."

"मला सांगून काय उपेग? मी हुकमाचा माणूस."

बायका ड्रमांपाशी बसून ऐकत होत्या. टँकरच्या तोटीतून थेंब थेंब गळत होता. शेजारची म्हातारी गीताबाई उठली, तिनं आपला तांब्या त्या थेंबाखाली धरला आणि उन्हात तशीच वाकून उभी राहिली.

"पुंडल्या," ती मान न वळवता म्हणाली, "रबराला मुरू देतोस बाबा. आम्ही किती मुरावं?"

पुंडलिकनं दहालाच पट्ट्या सोडल्या. पिस्टन आत ढकलताना हाताला किंचित अडखळलं. बोट फिरवलं तर नखावर पांढरा, केसाएवढा धागा आला. त्याला कळलं. तीस वर्षांच्या हाताला कळणार नाही तर कुणाला? त्यानं धागा पँटीला पुसला आणि पुढं जोडायला घेतलं.

एकला गाडी निघाली. पाइप सुटला. गीताबाईनं पुंडलिकवरून कडाकडा बोटं मोडली.

पाचव्या दिवशी साहेब स्वतः आले. स्टुलावर बसले, रुमालानं मान पुसली. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. गरजच पडत नसे.

"पुंडलिक, परत येताना कसारा घाटात गाडीनं मान टाकली. तीन तास उन्हात बसलो. मला एवढंच सांग, चूक कामाची की मालाची?"

चंपाबाई दारात साहेबांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. पलीकडच्या दोन दारांत बायका येऊन थांबल्या होत्या. एक शब्द खरा सांगायचा अवकाश, की उद्यापासून हे सगळे ड्रम पालथे.

"मालाची, साहेब," पुंडलिक म्हणाला. "सीलं डुप्लिकेट निघाली."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. इथं तर संन्यासी घरातलाच होता. साहेबांनी तांब्या घेतला, पाणी प्यायले. "संघपाल ना? बरं," म्हणाले, आणि गेले.

पुढच्या आठवड्यात नाल्यापलीकडे टँकर गेलाच नाही. तो बायपासलाही गेला नाही. साहेबांनी तोसुद्धा पुंडलिकच्याच गल्लीला देऊन टाकला. गल्लीनं आठ दिवसांत दोनदा कपडे धुतले. साहेबांनी मुंबईहून सीलं मागवली, ती त्याच कंपनीची, त्याच पुडक्यात आली. पुंडलिकनं ती बसवली, पट्ट्या आवळल्या आणि घड्याळाकडं बघत बसला. या खेपेला कुणालाच घाई नव्हती. त्याला आपल्या हातांचीच लाज वाटत होती.

तेवढ्यात भर उन्हात नाला ओलांडून सुलेखा आली, संघपालची बायको, चंपाबाईची धाकटी बहीण. काखेत रिकामी कळशी.

"जय भीम, दाजी." ती सावलीला टेकली. "गल्लीतलं कुणी बोलत नाय आमच्याशी. तुमच्या दुकानापायी पाणी गेलं म्हणत्यात. हे पावती घेऊन दारोदार फिरले, माल अस्सल हाय म्हणून. कोण वाचतंय पावती?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "साहेब तुमचं ऐकत्यात, दाजी. आमच्यासाठी एक शब्द टाका की."

पुंडलिक आवळलेली पट्टी उगाच चाचपत राहिला.

चंपाबाईनं बहिणीच्या हातातली कळशी घेतली, ड्रममधून काठोकाठ भरली, चुंबळ ठेवून तिच्या डोक्यावर चढवली. नवऱ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"टाकलाय त्यांनी शब्द," ती म्हणाली. "कवाच टाकलाय."

सुलेखाचा चेहरा उजळला. ती दाजींच्या पाया पडायला वाकणार होती, पण डोक्यावर भरली कळशी होती, म्हणून तिनं मोकळा हात तेवढा छातीशी नेला.