सरूची वेणीफणी

आमच्या सरूचे केस गुडघ्यापर्यंत व्हते असं लोक सांगतात. लोकांना कमी सांगायची खोडच हाय. केस घोट्यापर्यंत व्हते. न्हाऊन ती येडगावच्या धरणाकाठी केस वाळवाया बसली की मासं त्या सावलीला गोळा व्हायचं, आन् पलीकडच्या काठावर जाळं टाकणारं गडी आमाला शिव्या द्यायचं. एकदा तर चिमणीनं तिच्या अंबाड्यात घरटं केलं. सरूला कधी कळलं, तर पिल्लं चोची वासून वरडाया लागली तवा. खोटं वाटत असंल तर माझ्या लेकाला, संपतला विचारा. सरू त्याचीच बायको. तो म्हणंल, "आईचं काय मनावर घेता राव!"

बरं, आता खरं सांगते. पाटावर बसली की वेणीचं टोक भुईला टेकायचं. तेवढं खरं.

सून म्हणून आली तवापासून तिच्या डोक्याला तेल मीच घालायची. तिचा हात मागं पुरायचा न्हाई, आन् मला दुसरं काम नको असायचं. सरूची लेक श्रेया बालवाडीत जायला लागली त्या साली, अशीच तेल घालत व्हते, तर टाळूवर बोट लागताच सरू "आई गं" करून उठली.

"काय झालं गं?"

"आग होती आत्या. मिरच्या कुटलेला हात लागावा तशी."

केस बाजूला करून पाहिलं. टाळूवर रुपायाएवढी जागा मोकळी. मधली कातडी गुळगुळीत, चकचकीत, घामाचं भोकसुद्धा दिसंना. कडेनं लाल, आन् कडेच्या एकेका केसाच्या बुडाला पांढरी खपली.

"चाई लागली," सगळी आळी एका तोंडानं बोलली. डोक्याचं न्हाईतर दाढीचं केस एका जागी गोल गळतात, त्याला आमच्याकडं चाई म्हणत्यात. किडा खातो म्हणं. माझा चुलतदीर सावळेराम, त्याच्या दाढीला एकदा चाई लागली व्हती. त्यानं बिब्बा लावला, आन् दाढी परत आली. अशी आली की शेळी पाला समजून त्याच्या मागं लागायची. तवापासून सावळेराम आमच्या वाडीचा चाईचा डॉक्टर झाला.

तो आला, दिव्यावर बिब्बा तापवाया लागला. मी म्हणलं, "भावजी, तिला आधीच आग होती. वर बिब्बा कसा सोसंल?"

"वहिनी, आग होती म्हंजे किडा जिता हाय! कातडी उठली की खालनं केस उठतोच. माझी दाढी बघा."

"तुमची दाढी बघूनच भ्या वाटतं."

सरू हसली न्हाई. पाटावर बसली, डोकं पुढं केलं. "लावा मामंजी. काय व्हायचं ते होऊ द्या."

चाई कधी दुखत न्हाई, हे आमच्यात शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. पण केस गेलं की चाई, दुसरं नावच आमच्यापाशी नव्हतं. मग दुखतंय कशानं, हे कुणीच धरून बसलं न्हाई.

डोकं फोडांनी भरलं. उशीला टेकवता येईना. बसल्या बसल्या डुलक्या काढायची बिचारी. खपल्या पडल्या तवा जागा हाताच्या तळव्याएवढी झाली व्हती.

नारायणगावात रिखबचंदशेठचं कापडाचं दुकान. गल्ल्यावर त्यांची बायको झमकूबाई बसायची. सरू नि मी झंपराचं कापड घ्यायला गेलो, तर फडताळाकडं बघता बघता सरूचा पदर घसरला. झमकूबाईंनी गजपट्टी खाली ठेवली.

"सरू, इकडं ये. हे कुणी केलं?"

"चाई हाय झमकूमावशी."

"चाई कसली! माझ्या नणंदेला अस्संच झालं होतं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात चामडीचे डॉक्टर असतात, तिथं जा. आणि त्या सावळेरामाला सांगा, दुकानात पाऊल ठेवलं तर त्याच्या दाढीला मी बिब्बा लावीन."

संपत आमाला घेऊन पुण्याला गेला. डॉक्टरीणबाई काडीएवढी, श्रेयाची मोठी बहीण शोभंल अशी. तिनं दिव्याचं भिंग घेऊन सरूचं डोकं बारीक बघितलं. कडेचा तांदळाएवढा तुकडा काढून तपासाया धाडला. परत बोलावलं तवा खुर्ची सरूच्या समोर ओढून बसली.

"सरूबाई, चाईमध्ये केस गळतो, पण मूळ जिवंत असतं. म्हणून तो परत येतो. तुमचा आजार वेगळा आहे. आतून सूज येते, मूळ मरतं, आणि तिथं व्रण भरतो. त्या जागी पुन्हा केस उगवत नाही."

संपत म्हणाला, "बिब्ब्यानं झालं का म्याडम?"

"आजार आधीचाच. बिब्ब्यानं भर घातली. आता गोळ्या देते. मलेरियाच्या आहेत, पण या आजारालाही लागू पडतात. कडेनं इंजेक्शनं देऊ. दरवर्षी डोळे तपासून घ्यायचे."

सरूनं इचारलं, "मग येतील ना?"

"गेलेले नाही येणार. आहेत ते राखायचे आहेत."

सरूनं मान हलवली. दुकानात भाव ऐकून हलवावी तशी.

येष्टीत ती माझ्याशेजारी बसली, संपत पुढच्या बाकड्यावर. चाकण गेलं. मग म्हणाली, "आत्या, माशांची गोष्ट सांगताना तुमचा डोळा लवत न्हाई."

"मंग? खरीच हाय ती."

"मग मला एवढं सांगा. परत येतील म्हणा. तुमी सांगितलं की मला खरं वाटतं."

मी तोंड उघडलं. देवाशपथ, सांगायचंच व्हतं. भीमाशंकरच्या रानातली एखादी मुळी आणली असती, तिच्या रसानं दगडाला केस फुटलेलं दाखवलं असतं. जन्मभर थापाच मारल्यात मी, पर ती पोर माझ्या तोंडाकडं बघत व्हती. राजगुरुनगर गेलं. मंचरला गाडी थांबली तवा म्हणलं, "शेंगा घेऊ का गं?"

"नको," सरू म्हणाली आन् पदर कपाळाखाली वढून घेतला.

थोडं दिस तिनं गोळ्या घेतल्या. "मलेरिया नसून मलेरियाच्या गोळ्या खाती मी," म्हणायची. मग जुन्नरच्या बाजारात जीपगाडीवर भोंगा लावून तेल इकणारा एक जण सावळेरामला गाठ पडला. जीपला फोटू चिकटवलेलं, एकात टक्कल, दुसऱ्यात झुलपं. सावळेराम बाटली घेऊन आला. "गॅरंटी हाय सरू, गॅरंटी!" डॉक्टरीणबाईनं गॅरंटी दिली नव्हती. सरूनं बाटली घेतली. गोळ्यांची पाकिटं धान्याच्या कणगीमागं गेली. माझ्यादेखत सकाळी पाणी प्यायची, मला वाटायचं गोळी घेतली. तेल गरम करून चोळायची, आन् आग झाली की म्हणायची, उगवतंय म्हणून चुरचुरतंय.

नवरात्र आलं. आमच्या भावकीत अष्टमीला सवाष्णी बसवायची रीत. दरसाल एक घर. घरातली थोरली बाई सगळ्या सवाष्णींना पाटावर बसवती, एकेकीच्या डोक्याला तेल घालती, फणी फिरवती, वेणी घालून फूल माळती. मग वटी, मग जेवण. रांडवा बाया चुलीपाशी ऱ्हातात. त्या साली पाळी आमची. आमचं म्हातारं अजून वसरीला खोकत व्हतं, म्हणून फणी माझ्या हातात.

बायका जमल्या. सरू चुलीपुढं, अंबाबाई म्हणून आमची एक इधवा जाऊ हाय, तिच्याशेजारी पुऱ्या लाटत बसली व्हती. मी हाक मारली तर म्हणाली, "मला इथंच बरं हाय."

भावकीतली वडीलधारी गोजरबाई, तिच्या जिभेला हाड न्हाई. ती वसरीवरनं वरडली, "सारजे, तुझी सून कुठाय? रांडवांच्यात बसली व्हय? आगं, संपत जिता हाय ना? सकाळी तर दिसला व्हता!"

बायका खदखदल्या. सरूनं लाटणं ठेवलं. हात पुसला. भायेर येऊन माझ्यापुढच्या पाटावर बसली, आन् आपल्या हातानं पदर खाली घेतला.

हसणं तिथंच बंद झालं.

टाळूपासनं कपाळापर्यंत नुसती कातडी. मधी दोनचार बटा, मोडक्या कुडाच्या काड्यांवाणी. कानांच्या मागं नि मानेवर तेवढं केस उरलेलं. मी तेल घेतलं, फणी लावली. जोर न्हाई केला, तरी केस फणीबरोबर बुडापासनं निघाले. कानाच्या वर बघितलं, तर नवी लाली, नव्या खपल्या.

तिच्या कानात म्हणलं, "सरू, गोळ्या?"

"बंद केल्या."

"कधी?"

"येणारच न्हाईत तर कुणासाठी खाऊ आत्या?"

मागनं एकजण म्हणाली, "देवीचा कोप हाय." दुसरी म्हणाली, "अगं बाई, फूल कुठं माळायचं हिला?" सगळ्या माझ्याकडं बघाया लागल्या. सारजाबाई आता काय उडवती, म्हणून. मला ठाऊक व्हतं त्यांना काय हवं ते. मी सुरूबी केलं, "अगं, इंद्राच्या दरबारातली एक अप्सरा..."

सरूनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आत्या, आज नको."

तिचा हात तेलानं निसरडा झाला व्हता. मी फणी मांडीवर ठेवली.

"ऐका," मी म्हणलं. "कोप न्हाई, किडा न्हाई, चाई न्हाई. आजार हाय. आतनं मूळ मरतं. हिचं गेलेलं केस परत येणार न्हाईत. म्हातारी झाली तरी येणार न्हाईत. हे उरल्यात ना, हे कडंचं, तेवढं औषधानं राहतील. न्हाई घेतलं तर हेबी जातील."

गोजरबाई म्हणाली, "सारजे, ही तुझी थाप का गं?"

"न्हाई."

तेवढं ऐकलं नि सरू रडाया लागली. दवाखान्यात रडली नव्हती, बिब्ब्याला रडली नव्हती. घरात मयत झाल्यासारखी मोठ्यानं रडली, पाटावर, सगळ्यांच्यामधी. आतनं अंबाबाई धावत आली, उंबऱ्यातच थांबली. कुणी उगी म्हणलं न्हाई. बऱ्याच येळानं गोजरबाई उठली, तेलाची वाटी घेतली, सरूच्या पुढं उकिडवी बसली नि तिची हनुवटी धरली.

"कडंकडंनं लाव सारजे," मला म्हणाली. "मधी नको. लागंल पोरीला."

उरलेल्या केसांची मी वेणी घातली. करंगळीएवढी झाली. टोकाला अबोली बांधली. तिची वटी पहिली भरली.

दसरा झाला नि आमी परत पुण्याला गेलो. डॉक्टरीणबाई रागावली. कडंकडंनं सुया टोचल्या. सरू पदराचा बोळा दातात धरून बसली. गोळ्या आता संपत स्वतः हातावर ठेवायचा, आन् गिळली का ते तोंड उघडाया लावून बघायचा. "मी काय बैल हाय का दात बघाया?" सरू म्हणायची.

आग कमी व्हायला लई दिस लागले. लाली गेली. कानाच्या मागचं नि मानेवरचं केस राहिलं. श्रेया हायस्कूलला गेली त्या साली डॉक्टरीणबाई म्हणाली, आजार झोपलाय. टाळू तशीच, चकचकीत. उन्हात जाताना सरू फडकं बांधती, न्हाईतर चटका बसतो. कांदा खुरपाया बायका असल्या, की फडकं सैल करून वारंबी घेती. पण आरसा तिनं घरातनं काढला तो काढलाच. संपत दाढी करायला वसरीच्या खिडकीपाशी हातातला आरसा घेऊन बसतो.

श्रेयाचे केस आता कमरेखाली गेल्यात. डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, आईला झालं म्हणून लेकीला व्हतंच असं न्हाई, उगी घोर लावून घेऊ नका. सरू व्हय म्हणती. आन् दर आयतवारी श्रेयाला दारात उन्हाकडं पाठ करून बसवती. एकेक भांग पाडून बघती, कपाळापासनं मानेपर्यंत. बोटानं दाबून इचारती, "हितं दुखतं? हितं आग होती?"

"न्हाई गं आई. झालं का?"

"झालं."

पोरगी उठाया लागती. सरू तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवती आन् परत कपाळापासनं सुरू करती. मी जोत्यावर बसून बघत असते. कायतरी सांगून हसवावं वाटतं दोघींना. पण मी बोलत न्हाई.