कोर्टात उघडलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. तीन पुडांचा. माझी कडी वाकडी झाली आहे आणि खालच्या पुडाला पोचा आला आहे. पण मी भर कोर्टात साक्ष दिली आहे. तुमच्या घरातल्या किती भांड्यांना असं सांगता येईल?

पत्र्यातून मला कुणी घडवलं ते आठवत नाही. मला आठवतं ते गुलमंडीवरचं भांड्यांचं दुकान. माझ्या मालकीणबाई म्हणजे तनुजाताई. त्यांच्या मामांनी मला ताईंच्या लग्नात द्यायला विकत घेतलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून देतात. मामांनी दुकानदाराला सांगितलं, “वकील तनुजा, असं टाका.” ताईंची वकिलीची शेवटची परीक्षा तेव्हा अजून व्हायची होती. मांडवात नाव वाचून सगळे हसले. ताई म्हणाल्या, “मामा, आता नापास व्हायची सोयच ठेवली नाही तुम्ही.”

त्या पास झाल्या. माझ्या झाकणावरचं नाव खरं ठरलं.

ताईंचे यजमान सर्जेराव वाळूजच्या कारखान्यात कामाला होते. घर बजाजनगरात. सकाळी ताई कागद वाचत बसायच्या, म्हणून मला सर्जेरावच भरायचे. त्यांच्या भाकरीची कड कच्ची राहायची. ताई त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. जेवायला बसल्या की ती कड आधी खाऊन टाकायच्या.

ताईंचं काम वेगळं होतं. ज्यांच्या मनाला आजार झाला आहे आणि ज्यांच्यावर गुन्ह्याचा खटला आहे, अशा माणसांच्या बाजूनं त्या उभ्या राहायच्या. असे खटले घ्यायला फारसं कुणी पुढं येत नसे. त्यांची एक रीत होती. आरोपीला पोलीस घेऊन आले की त्या हवालदाराची परवानगी घ्यायच्या, कोर्टाबाहेरच्या बाकावर त्याच्या शेजारी बसायच्या आणि मला उघडायच्या. आधी जेवण, मग प्रश्न. कुणी भाकरीचा वास घेऊन ती परत ठेवायचा, कुणी अर्धी खिशात लपवायचा. त्यावरून ताईंना त्या माणसाच्या मनातली भीती कळायची.

वकील मंडळी चेष्टा करायची. “तनुजाताई, तुमचे पक्षकार तुमच्याच डब्यावर जगतात की काय?”

“हो ना. म्हणून दोन भाकरी जास्त आणते. तुम्हाला देऊ एक?”

मग आला सांडू. लासूर स्टेशनचा, हमाली करणारा तरुण. तिथं कापसाच्या एका गोदामाला आग लागली आणि हा समोर उभा राहून बघत होता. लोकांनी विचारलं, “तू लावली का रे?” तो म्हणाला, “व्हय.” पोलिसांनी विचारलं. तेव्हाही, “व्हय.” झालं, तो तुरुंगात गेला.

त्याची आई भामाबाई ताईंचे पाय धरायला वाकली. ताईंनी तिला वरच्या वर उठवलं.

“वकीलबाई, माझं लेकरू काडीसुद्धा लावत नाय चुलीला. आगीला भितं. पन काय बी इचारा, व्हयच म्हनतं. लई दिस झाले, नाय म्हनलंच नाय.”

“मावशी, कोर्टात व्हय म्हणाला तर शिक्षा होईल त्याला.”

“म्हनूनच आले ना बाई.”

आरोप वाचून दाखवायच्या दिवशी सांडूला आणलं. ताईंनी मला त्याच्या पुढं ठेवलं. आत भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. सांडूनं माझ्याकडं पाहिलं, पण झाकणाला हात लावला नाही. ताई वाट बघत राहिल्या. तेवढ्यात शिपायानं पुकारा केला. ताईंनी मला तसंच भरलेलं उचललं आणि आत गेल्या.

न्यायाधीशांनी आरोप समजावून सांगितला. मग विचारलं, “गुन्हा कबूल आहे का?”

“व्हय.”

टंकलेखकाची बोटं हलू लागली. मित्रांनो, त्या एका शब्दावर एका माणसाची पुढची सगळी वर्षं टांगलेली होती. ताई उठल्या. म्हणाल्या, “सर, हे लिहून घेण्याआधी मला यांना थोडं विचारू द्या. आपल्यासमोरच.” न्यायाधीशांनी मान हलवली.

“सांडू, बाहेर डबा दिला होता. जेवलास?”

“व्हय.”

“मेथीची भाजी खाल्लीस?”

“व्हय.”

“सगळी? पोट भरलं?”

“व्हय, बाई.”

ताईंनी मला टेबलावर ठेवलं आणि माझी कडी काढली. तीनही पुडं समोर मांडली. भाकरी मोडलेली नव्हती, भाजीला चमचा लागलेला नव्हता. ठेच्याचा वास खोलीभर गेला.

सरकारी वकील हसत म्हणाले, “ताई, कोर्टात डबा?”

“माझा साक्षीदार आहे हा. शपथ घेता येत नाही त्याला, पण खोटं बोलत नाही.”

न्यायाधीश हसले नाहीत. ते पुढं झुकले आणि त्यांनी स्वतः विचारलं, “सांडू, तू मला कधी मारलं आहेस का?”

सांडू शांतपणे म्हणाला, “व्हय, साहेब.”

टंकलेखकाचे हात थांबले होते. न्यायाधीशांनी त्याची कबुली लिहून घेतली नाही. आधी डॉक्टरांकडून तपासणी आणि उपचार, मग खटला, असा हुकूम दिला. कायद्यात ते होतंच. ते दाखवून द्यायला कुणीतरी उभं राहावं लागतं.

दवाखान्यात हळूहळू कारण कळलं. शेजारी कुणी नसतानाही सांडूच्या कानात कुणीतरी सतत बोलायचं. तू ‘नाय’ म्हणालास तर तुझी आई मरेल, असं सांगायचं. म्हणून आईला जगवायला तो सगळ्याला ‘व्हय’ म्हणत होता. आग लावली का, यालाही.

औषधं सुरू झाली. बरेच महिने गेले. पुन्हा तारीख आली, पुन्हा तेच बाक. या वेळी सांडू जेवला. ताईंनी आणखी भाकरी पुढं केली. “घे अजून अर्धी.”

“नाय.”

सोबत जेवणाऱ्या भामाबाईचा हात तोंडापाशीच थांबला. “काय म्हनला?”

“नाय म्हनलो. पोट भरलं.” मग तो आईकडं बघत राहिला. भीत भीत. आई समोर बसलेली होती. धडधाकट.

“म्हन रं पुन्हा,” ती रडत हसत म्हणाली. “मी कुठं बी जात नाय.”

आत गेल्यावर न्यायाधीशांनी विचारलं, “गुन्हा कबूल आहे का?” सांडूनं मान वर केली. “नाय, साहेब.” ताईंनी मला मांडीवर घट्ट धरलं होतं, ते अजून आठवतं. आग वायरीच्या ठिणगीनं लागली होती, हे खटल्यात पुढं आलं आणि सांडू सुटला. तो आजही औषध घेतो आणि मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करतो.

मागच्या वर्षी ताई गेल्या. सर्जेरावांनी मला घासून पुसून वरच्या फळीवर ठेवलं. दर रविवारी काढायचे, कोरड्या फडक्यानं पुसायचे, परत ठेवायचे. रिकाम्या डब्याला धूळ बसत नव्हती, पण करमतही नव्हतं.

एक दिवस नौशीन आली. ताईंच्या हाताखाली शिकलेली वकील. म्हणाली, “काका, डबा पाहिजे.”

“तुझ्याकडं डबा नाही का बेटा?”

“आहे ना. पण उद्या एक बाई आहे माझ्याकडं, घाबरलेली. हा डबा कोर्टाला ओळखतो.”

सर्जेराव बराच वेळ माझ्या झाकणावरून बोट फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी परात काढली.

मित्रांनो, मला नीट ठेवा असं मी सांगणार नाही. तांब्या-पेल्यांना तुम्ही जपताच. पण तुमच्या गल्लीत, गावात कुणी स्वतःशी बोलणारं, सगळ्याला मान हलवणारं माणूस असेल, तर त्याला दगड मारू नका, वेडं म्हणून हाका मारू नका. त्याच्या ‘हो’ वर लगेच विश्वास ठेवून त्याला दोष देऊ नका. आधी त्याच्या शेजारी बसा. जेवला का, ते विचारा. आणि डबा उघडून बघा.

त्या दिवशी कोर्टाच्या बाकावर हवालदारानं विचारलं, “डबा कुणाचा?”

नौशीननं झाकण त्याच्याकडं वळवलं. “नाव आहे की. वाचा.”

“वकील तनुजा,” त्यानं मोठ्यानं वाचलं.

मग तिनं मला उघडलं. भाकरीची कड अजूनही कच्चीच होती. नौशीननं ती आधी खाऊन टाकली आणि उरलेली भाकरी शेजारच्या बाईपुढं धरली.