अर्ध्या तासाचे वजन

मित्रांनो, मी एक म्हातारा वजनकाटा आहे. मी खोटे बोलत नाही, फक्त वेळ लावतो.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझी स्प्रिंग कडक होती आणि मान त्याहून ताठ. एका दवाखान्यात वीस वर्षे मी तोऱ्यात काढली. मग स्प्रिंग सैल झाली, काटा डुलू लागला आणि माझी रवानगी वस्तीतल्या आरोग्यताईंच्या खोलीत झाली.

त्या खोलीवर 'मन मोकळे करा' अशी पाटी होती. सहा महिन्यांत आत आले ते फक्त एक मांजर. तिथे गेलेली बाई वेडी ठरेल, अशी घरोघरी धास्ती होती. शेवटी ताईंनी ती पाटी उतरवून 'बायकांचे वजन मोफत' अशी लावली. वजनाला कोण नाही म्हणणार? दुसऱ्याच दिवशी रांग लागली.

ताई माझ्यावर स्टूल ठेवून बाईला बसवत. काटा स्थिर व्हायला अर्धा तास लागे. तेवढा वेळ गप्प बसणे कुणाला जमले आहे? बाई हळूहळू बोलू लागे. हुंदका आला की काटा हले आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. रडणाऱ्या बाईचे वजन मला आजवर सांगता आलेले नाही.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशींची सून मात्र दोनदा नुसतीच बसून गेली. बाळ तीन महिन्यांचे, हिच्या डोळ्यांखाली काळे आणि तोंडातून शब्द नाही. तिकडे कपड्यांचा ढीग पडलेला, म्हणून मावशी दारात चुळबुळत उभ्या. त्यांनी सरळ कचेरीत तक्रार केली की हा काटा कामचोर आहे. कामचोर! मित्रांनो, वीस वर्षे मी लोकांच्या बाळांची शू अंगावर झेलली होती.

दुरुस्तीवाला आला. त्याने माझा स्क्रू आवळला, तेल घातले आणि मला पुन्हा तरुण करून टाकले. पुढच्या खेपेला सून बसली आणि मी क्षणात आकडा सांगून मोकळा. ती तोंड उघडणार तोच मावशी म्हणाल्या, "झालं ना? चल." ती मुकाट्याने गेली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

चार दिवसांनी ती एकटीच आली. पिशवीतून तिने इस्त्री खोलायचा स्क्रूड्रायव्हर काढला, माझा स्क्रू चांगला तीन फेरे सैल केला आणि स्टुलावर जाऊन बसली.

"ताई, आता लागेल वेळ," ती म्हणाली. मग खाली बघत बोलली, "मला बाळाला जवळ घ्यावंसंच वाटत नाही. मी वाईट आई आहे का?"

"नाही गं. तू आजारी आहेस, आणि हा आजार बरा होतो. डॉक्टरांकडे मी येते तुझ्याबरोबर."

त्या दिवशी मी पाऊण तास डुललो.

बरे व्हायला तिला बरेच महिने लागले. मावशींनी आधी नाक मुरडले, मग ताईंनी समजावल्यावर बाळ सांभाळायला घेतले. आता सून त्याला कडेवर घेऊन येते आणि ते माझा काटा ओढते.

गेल्या आठवड्यात मावशी एकट्याच आल्या. मला वाटले, आली पुन्हा तक्रार. त्या स्टुलावर बसल्या, मी डुलू लागलो, आणि बऱ्याच वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात मला कुणी विचारलंच नव्हतं गं."

म्हणून विनंती आहे, मित्रांनो. माझ्यावरची धूळ पुसा, मला ओलीत ठेवू नका, पण कृपा करून मला दुरुस्त करू नका. मावशींचे वजन अजून व्हायचे आहे.