गहिनीची तीन दिवसांची भूक

मी एक जुनं बोंडलं आहे, तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चोचीचं पितळी भांडं. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेलं नसेल. नाही पाहिलं तेच बरं, कारण मान वर करून सांगावं असं माझ्याजवळ फार थोडं आहे.

आष्टीच्या बाजारात बसणाऱ्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं, आतून कल्हई केली, चिमणीसारखी चोच काढली. शहाऐंशीच्या दुष्काळात केशरबाई बाळंतपणात तापानं फणफणली, तेव्हा तिच्या उत्तरेश्वरला शेळीचं दूध पाजलं ते मीच. "ह्या बोंडल्यानं माझं लेकरू राखलं," असं ती येईल-जाईल त्याला सांगे. ते ऐकून ऐकून मला गर्व चढला.

मग दोन हजार तेराचा दुष्काळ आला. विहिरी उघड्या पडल्या. कडा गावाजवळ एका सहकारी संस्थेनं जनावरांसाठी चारा छावणी काढली, आणि जनावरांमागं माणसंही तिथंच राहायला गेली. पाचटाच्या खोपीत केशरबाई, उत्तरेश्वर, त्याची बायको सावित्रा आणि झोळीत दीड महिन्याचा गहिनी. गाई-म्हशीपुढं ऊस टाकता टाकता केशरबाई ओवी म्हणे:

बाळाच्या वाढीला, सई गं किती घाई
कालची कुंची आज, कानाला पुरत न्हाई

ओवीत तिला सारं ठाऊक होतं. झोळीपाशी मात्र ती विसरली.

एका सोमवारी गहिनी बदलला. एरवी पिऊन झोपणारं पोर अर्ध्या-अर्ध्या तासाला अंगावर प्यायला मागू लागलं. ओढायचं, सोडायचं, रडायचं, पुन्हा झोंबायचं. दुसऱ्या दिवशीही तेच. सावित्राला घास गिळायला उसंत मिळेना.

शेजारच्या खोपीतल्या भिवराबाईनं विचारलं, "केशर, म्हशीसंगं सुनंचंबी आटलं काय गं?"

बाया हसल्या. सावित्रानं पदर पुढं ओढला.

"पोट भरत आसतं तर लेकरू आसं झोंबलं कावून आसतं?" केशरबाई म्हणाली, आणि तिनं बोचक्यातून मला काढलं. टँकरचं पाणी मोजकं, म्हणून मला नुसतं विसळलं. गाईच्या दुधात पाणी घातलं आणि माझी चोच गहिनीच्या ओठाला लावली.

"आत्याबाई, आजच्या दिस ऱ्हाऊ द्या की," सावित्रा हळूच म्हणाली.

"लेकराला उपाशी ठिवू का?"

गहिनी झोपला. "बघा," केशरबाई सगळ्यांना म्हणाली. मित्रांनो, मलाही तेव्हा धन्य वाटलं. सावित्रा भिंतीकडं तोंड करून बसली होती आणि तिची चोळी दुधानं ओली झाली होती. ते मला दिसलं, पण उमगलं नाही.

चार दिवसांत गहिनीनं आईकडून तोंड फिरवलं. तो ओढेना, म्हणून तिचं दूध खरंच कमी झालं. पाचव्या दिवशी त्याला जुलाब लागले. टाळू खोल गेली, रडण्यातला आवाज गेला. उत्तरेश्वरनं मोटारसायकल काढली. केशरबाईनं मला पिशवीत घातलं, वाटेत पाजायला.

दवाखान्यात सलाईन लागल्यावर मुक्ताबाई नर्सनं विचारलं, "ह्याच्याआधी दिवसाला लंगोट किती ओले व्हायचे?"

"सात-आठ," सावित्रा म्हणाली.

"आन् वजन?"

"वाढत व्हतं."

"मग दूध भरपूर होतं बाई तुझं. तीन आठवडे, दीड महिना, तीन महिने, अशा टप्प्यांना लेकरू एकदम अंग धरतं. तेव्हा ते सारखं ओढतं, आणि ओढलं की आईचं दूध वाढतं. दोन-तीन दिवसांचा खेळ असतो. आपण मधे पडलो की बिघडतो."

मग तिनं पिशवीतून मला काढलं आणि माझ्या चोचीत काडी घातली. काळपट साका बाहेर आला. "हे गेलं बघा पोटात."

केशरबाईनं मान खाली घातली. मला तर घालायला मानही नव्हती.

गहिनी वाचला. छावणीत परतल्यावर केशरबाईनं शेणघाण, चारा, स्वयंपाक सगळं अंगावर घेतलं आणि सुनेला म्हणाली, "तू निस्ती त्याला घिऊन बस." तीन दिवस गहिनी ओढत राहिला आणि दूध पुन्हा भरलं. भिवराबाई डोकावली, तेव्हा केशरबाईच बोलली, "आटलं न्हवतं, भिवरे. मलाच कळलं न्हाई."

सावित्रानं गहिनीचं झबलं सासूपुढं धरलं. काखेत ते रुतत होतं. केशरबाई सुई घेऊन बाह्यांची शिवण उसवत बसली. तिचे डोळे पुन्हा पुन्हा भरत होते, म्हणून त्या एवढ्याशा कामाला फार वेळ लागला.

मित्रांनो, तुमच्या घरातलं बाळ अचानक सारखं पिऊ लागलं, तर त्याच्या आईला 'तुला दूध नाही' असं म्हणू नका. लंगोट ओले होतात का ते पाहा. तिला ताट वाढून द्या, तांब्याभर पाणी द्या, तिच्या हातातलं काम घ्या. शंका आलीच तर नर्सबाईंना विचारा.

छावणी उठल्यावर घरी मला फळीवर टाकून दिलं. इतर भांडी अशी विसरली गेली की रुसतात. पुढं सावित्राला मुलगी झाली. तीही दीड महिन्याची असताना तशीच झोंबली, तशीच रडली. घरातल्या कुणाचाही हात फळीकडं आला नाही. त्या दिवशी धुळीत पडल्या पडल्या मला पहिल्यांदा थोडं हलकं वाटलं.