तिसरा पुकारा

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे. गोवंडीच्या एका सुताराने मला सागवानात घडवलं आणि मुलुंडच्या उत्तराबाईंच्या काखेत सोपवलं. बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. वर्गाबाहेर माझी टकटक झाली की आत मुलं चिडीचूप. तेवढाच काय तो माझा दरारा!

मग शाळेची नवी इमारत झाली, बिनलिफ्टची. चित्रकलेचा वर्ग चौथ्या मजल्यावर गेला. बाईंनी तळमजल्यावर वर्ग मागितला, तर हातात पत्र पडलं : जिना चढता येत नाही, सबब कामास अपात्र.

बाईंनी दावा लावला. माझा वर्ग परत द्या, एवढंच मागणं. दोन वर्षं आम्ही एकही तारीख चुकवली नाही. प्रतिज्ञापत्र, अपंगत्वाचा दाखला, प्रत्येक कागदाच्या तीन प्रती. वकील माधुरीताईंनी बजावलं होतं, "पुकारा झाला ना, की फक्त 'हजर' म्हणायचं. बाकीचं मी बघते."

आणि नेमकी साक्षीच्या दिवशी कोर्टाची लिफ्ट बंद! आम्हाला जायचं तिसऱ्या मजल्यावर. माधुरीताई दुसऱ्या कोर्टात अडकलेल्या. दुसरा मजला ओलांडला आणि बाईंच्या नावाचा पहिला पुकारा ऐकू आला. बाईंनी घाई केली. माझ्या टोकाचं रबर झिजलं होतं; नवं घेऊ म्हणता म्हणता राहून गेलेलं. मी घसरले. हो, मीच घसरले. दुसरा पुकारा झाला. पायरीवर पडल्या पडल्या बाई ओरडल्या, "आले हो, आले!"

तिसरा पुकारा झाला तेव्हा सहा पायऱ्या उरल्या होत्या.

दारातला शिपाई शिवदास ओशाळून म्हणाला, "बाई, आत्ताच काढून टाकला दावा. वादी गैरहजर लिवलं."

"अरे, पण मी जिन्यातच होते ना!"

"जिन्यातलं हजर धरत नाय, बाई."

दावा पुन्हा चालवावा म्हणून मुदतीत अर्ज केला. त्यालाही तारखा पडत राहिल्या. या एप्रिलमध्ये बाईंचं निवृत्तीचं वय उलटलं. आता जिंकल्या तरी वर्ग मिळायचा नाही.

हल्ली मी दाराआड उभी असते. परवा त्यांच्या यजमानांनी, श्यामसुंदरकाकांनी, चहासाठी हाक मारली, "उत्तरा!" बाई दचकून उठल्या आणि म्हणाल्या, "हजर!" काकांनी कप खाली ठेवला आणि तोंड फिरवलं. मला फार रडू आलं.

मित्रांनो, घरात कोणाची कुबडी असेल तर तिचं रबर बघत जा. आणि कोणाच्या नावापुढे गैरहजर लिहिण्याआधी, एकदा जिन्यात डोकवा.