सातुर्योच्या मागचा नंबर

"शेवटचं कोण?" सातुर्योनं विचारलं.

गर्दीतून एक हात वर आला, "मी," म्हणाला आणि पुन्हा खाली गेला. सातुर्योला फार बरं वाटलं. आपण नंबर कशासाठी लावला हे त्यानं त्यानंतर पाहिलं. मासे निघाले. तो उतरला होता त्या खोलीत चूल नव्हती, आणि मासा म्हणून त्याला डब्यातलाच काय तो ठाऊक होता. पण नंबर लावून झाला होता.

सकाळपासून तो स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कादिझ शहराच्या गल्ल्यांतून एकटाच हिंडत होता. गावाकडच्या सवयीनं दिसेल त्याला "काय, बरं आहे ना?" म्हणत होता. एकानं खिशावर हात ठेवला. एका बाईनं, "आम्हाला काही नको," म्हणून दार लावून घेतलं. मंडईत शिरल्यावर मात्र एका प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं.

उत्तरेकडं, सोरियाच्या थंड डोंगरातल्या त्याच्या गावात आता मोजकीच माणसं उरली होती. पावाची गाडी यायची तेव्हा बाकीचे आधीच येऊन उभे असायचे, कारण दुसरं काम नव्हतं. सातुर्यो पोचायचा आणि रिवाजाप्रमाणं विचारायचा, "शेवटचं कोण?" सगळे म्हणायचे, "तूच." साठी उलटली तरी गावातला सर्वांत तरुण तोच होता. बाकीच्यांना मातीत पोचवायचं काम त्याच्याकडे आहे, हे गावानं न विचारता ठरवून टाकलं होतं. त्याला कोण पोचवणार, हा विषय निघाला की लोक हवेबद्दल बोलायला लागत. पेन्शनरांच्या सहलीत त्याचं नाव घातलं होतं ते बहिणीनं, विसीनं. सोबत येणाऱ्या मेहुण्याचा गुडघा ऐनवेळी फिरला. म्हणून तो एकटा.

"शेवटचं कोण हो?" मागून आवाज आला. हिरव्या कोटातली एक म्हातारी होती. कपाळावरचे केस काळजीपूर्वक वळवलेले.

"मी," सातुर्यो म्हणाला. हा शब्द त्यानं आयुष्यात फारसा उच्चारला नव्हता. तो जरा मोठ्यानं निघाला.

"मग तुमच्यामागं मी. एवढा नंबर धरा माझा. पार्सलीची जुडी घेऊन आलेच."

"धरतो," सातुर्यो म्हणाला.

म्हातारी गेली. ती आली नाही.

इथं रांग पायांची नसते, डोक्यातली असते. माणसं कुठंही उभी राहतात, शेजारच्या गाळ्यावर ऑलिव्ह चाखून येतात. आपल्यापुढं कोण, एवढं ज्यानं त्यानं लक्षात ठेवलं की झालं. म्हणून ज्याला निघायचं असेल त्यानं मागच्याला सांगून निघावं, नाहीतर धागा तुटतो. सातुर्योचा नंबर आला तेव्हा मागची म्हातारी जागेवर नव्हती.

"बोला पाहुणे," कुर्रो म्हणाला. मासे त्याचे.

"माझ्यामागच्या बाई यायच्यात."

"त्या आल्या की त्यांचं बघू. तुम्हाला काय देऊ?"

"मला काही नको."

कुर्रोनं सुरी खाली ठेवली. बोलायला त्याला दोन्ही हात लागत. "म्हणजे काही नको म्हणून तुम्ही तासभर उभे आहात?"

"त्या पार्सली आणायला गेल्यात."

"पार्सली मी फुकट देतो. सगळ्या मंडईला माहितीय."

सातुर्योनं शब्द दिला होता, पार्सलीची चौकशी केली नव्हती. येणाऱ्या प्रत्येकाला तो, "शेवटचं म्हणजे हिरव्या कोटातल्या बाई, येतायत त्या," असं सांगत राहिला आणि स्वतः बाजूला सरकून सगळ्यांना पुढं सोडत राहिला. कुर्रोनं गाळा धुवायला काढला तेव्हा तो पाय उचलून उभा राहिला, आधी उजवा, मग डावा.

विसीचा फोन आला. "समुद्र पाहिलास?"

"वास येतोय."

"कॅथीड्रल?"

"अजून नंबर नाही आला," सातुर्यो म्हणाला. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मंडई उघडायला तो दारात होता. बरोबरच्या सहलवाल्यांची बस बुरुज बघायला गेली होती. कुर्रोनं त्याला पाहिलं आणि मंडईभर ऐकू जाईल असं म्हणाला, "आले. आमचं प्रेक्षणीय स्थळ आलं."

"आल्या का त्या?"

"ऐका, त्या रेग्लाबाई, दोन्या रेग्ला म्हणतो आम्ही त्यांना, त्या यायच्या नाहीत. अहो, त्या मासे खातच नाहीत."

चाकांची पिशवी ओढत रोज येणारी लोली शेजारीच उभी होती. जाडजूड, बोलकी बाई. "त्या सगळीकडे नंबर लावतात," ती म्हणाली. "पाववाला, औषधवाला, बँक. सगळीकडे कुणाला तरी सांगतात, नंबर धरा, आलेच. आणि घरी जाऊन बसतात."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? घरात दुसरं कुणी नाही. पण गावात चार ठिकाणी आपली वाट बघतायत, असं वाटतं ना. जेवण बरं जातं."

"आणि बघतात का वाट?"

लोली हसली. "कोण बघतंय? त्यांची पाठ वळली की आम्ही पुढं सरकतो. तुम्ही पहिलेच भेटलात हो. कुठले म्हणायचे?"

"सोरियाकडचा."

"तरीच," कुर्रो म्हणाला. "थंडीनं गोठतं डोकं."

सातुर्यो विचारात पडला. मग तो होता तिथंच उभा राहिला. बाई येणार नाहीत हे आता त्याला माहीत होतं. पण त्या त्याच्यामागं होत्या, हेही तितकंच खरं होतं. कितीतरी वर्षांत त्याच्यामागं कुणी आलं नव्हतं.

दुपारपर्यंत गाळ्याला त्याची सवय झाली. लोक विचारायचे, "शेवटचं कोण?" आणि बाकीचे त्याच्याकडं बोट दाखवून सांगायचे, "ते आणि त्यांच्यामागच्या बाई. पण त्यांना धरू नका, पुढं व्हा." कुर्रोनं त्याला उपडं खोकं दिलं बसायला. कुणीतरी कागदाच्या सुरळीत तळलेले मासे आणून दिले. ते डब्यातल्यापेक्षा बरे होते.

तिसऱ्या दिवशी दोन्या रेग्ला आल्या. म्हणजे पलीकडच्या ऑलिव्हवाल्याकडं निघाल्या होत्या, तेवढ्यात सातुर्यो खोक्यावरून उठला.

"बाई, तुम्ही माझ्यामागं आहात."

त्या थांबल्या. त्यांनी त्याला ओळखायला थोडा वेळ घेतला. "तुम्ही अजून इथंच?"

"तुम्ही धरा म्हणालात ना."

आजूबाजूच्या बायका बोलायच्या थांबल्या. कादिझच्या मंडईत हे सहसा होत नाही. आणि कुर्रोनं, चांगुलपणानंच, हात पुसून मोठ्या आवाजात म्हटलं, "या या, दोन्या रेग्ला! तुमचाच नंबर. काय देऊ?"

दोन्या रेग्लांचा चेहरा उतरला. त्यांनी बर्फावरच्या माकुलांकडं पाहिलं, कोळंबीकडं पाहिलं. हात पर्सच्या खटक्यावर गेला आणि तिथंच राहिला. घेतलं की संपलं. घेतलं की पिशवी उचलून घरी जायचं, आणि मग या गाळ्यावर कुणी कुणाची वाट बघायचं कारण उरत नव्हतं. सातुर्योनं त्या हाताकडं पाहिलं. सगळ्यांत मागं उभ्या राहणाऱ्या माणसाला हात बरेच दिसतात.

"थांब जरा," तो कुर्रोला म्हणाला. "बाईंच्या आधी माझा नंबर आहे."

"मग तुम्ही घ्या."

"माझं अजून ठरत नाहीये."

कुर्रोनं तोंड उघडलं. लोलीनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं ते मिटलं.

दोन्या रेग्लांनी पर्सवरचा हात काढला, कोट सारखा केला. "सावकाश ठरवा," त्या म्हणाल्या. "माशाच्या बाबतीत घाई बरी नाही. मी तोवर पार्सली घेऊन येते."

"या," सातुर्यो म्हणाला. "मी आहे."

शेवटच्या सकाळी तो बॅग घेऊनच मंडईत आला. समुद्र राहिला होता, कॅथीड्रल त्यानं कुर्रोच्या कॅलेंडरवर पाहिलं होतं. लोली मासे घेऊन निघालीच होती. त्यानं तिला गाठलं.

"माझी गाडी आहे," तो म्हणाला. "दोन्या रेग्ला माझ्यामागं होत्या. आता तुमच्यामागं."

"अहो, माझं घेऊन झालं. हे बघा मासे."

"मग पुन्हा लावा."

"रोज?"

सातुर्योनं मान हलवली.

"काय माणूस आहे," लोली म्हणाली, "सहलीला आला आणि मलाच कामाला लावून चालला." पण ती परत वळली. शेवटचं कोण, हे तिनं विचारलं, उत्तर घेतलं आणि गाळ्याला टेकून उभी राहिली.

सातुर्योला आता कुणाच्या पुढं राहायचं उरलं नव्हतं. त्यानं बॅग उचलली. दारापाशी पोचल्यावर त्यानं एकदा मागं पाहिलं. लोलीनं चाकांची पिशवी स्वतःकडं ओढून घेतली होती, आणि तिच्या डाव्या हाताला एका माणसापुरती जागा मोकळी होती. मागून एक टोपीवाला गृहस्थ आला आणि त्या जागेत शिरला. लोलीनं वळून न बघता, दोन बोटांनी, त्याला हळूच बाहेर सरकवलं.